मुळाणे खिंड ते धोडप: सातमाळा रेंज ट्रेकचा शेवटचा दिवस कसा चालायचा

नाशिक जिल्ह्यातल्या सातमाळा डोंगररांगेत दोन-तीन दिवस व्यवस्थित चाललेले गट शेवटच्या दिवशी हमखास गडबडतात. उशिरा निघतात, वाटेत दिसेल तो किल्ला करून घेतात, पाणी पुढे मिळेलच म्हणून बाटल्या अर्ध्याच भरतात आणि धोडपचा माथा गाठला की ट्रेक संपला असं धरून चालतात. मग पायथ्याच्या हट्टी गावाचा उतार मोबाइलच्या उजेडात चाचपडत उतरावा लागतो. त्याहून वाईट म्हणजे गट चुकून उत्तरेला कळवणच्या अंगाला उतरतो आणि गाडी रांगेच्या दुसऱ्या बाजूला वाट बघत उभी राहते.

हा लेख फक्त या शेवटच्या टप्प्यापुरता आहे: मार्कंड्या किल्ला आणि रवळ्या-जवळ्या हे जोडकिल्ले यांच्यामधली मुळाणे खिंड, तिथून पूर्वेकडे पठार, पुढे धार धरून धोडप आणि शेवटी हट्टी गाव. रांग काही धोडपला संपत नाही. पुढे कांचना, कोळधेर, राजधेर, इंद्राई, चांदवड आहेतच. पण सप्तशृंगी, मार्कंड्या करत येणाऱ्या बहुतेकांची सुटी धोडपला संपते, म्हणून शेवटचा दिवस म्हणजे हाच.

## टप्पा १: घरी बसून करायचा हिशेब

सॅक भरण्याआधी कागद घ्या. खाली दिलेले तास मध्यम चालीच्या, पाठीवर सामान असलेल्या सहा-आठ जणांच्या गटासाठी धरायचे आहेत. तुम्ही एकटे आणि चपळ असाल तर कमी लागतील, गटात नवखे असतील तर जास्त.

- मुळाणे खिंड ते रवळ्या-जवळ्याचं पठार: दीड तास
- रवळ्या आणि जवळ्या दोन्ही करून परत पठारावर: अडीच ते तीन तास
- पठार ते धोडपची माची (बालेकिल्ल्याखालचा सपाट टप्पा): चार ते पाच तास
- माची ते बालेकिल्ला आणि परत माची: अडीच ते तीन तास
- माची ते हट्टी: दीड ते दोन तास

बेरीज बारा ते साडेचौदा तास होते. डिसेंबरात नाशिककडे सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे उजेड जेमतेम अकरा तास. सगळं एका दिवसात बसत नाही, आणि पहाटे चारला उठूनही फार फरक पडत नाही. कारण वाट शोधण्याचं काम उजेडातच होतं आणि या टप्प्यात तेच काम जास्त आहे.

त्यामुळे खालीलपैकी एक योजना निवडा आणि ती गटातल्या प्रत्येकाला आधीच सांगा.

पहिली योजना: आदल्या दिवशी दुपारपर्यंत पठारावर या, रवळ्या-जवळ्या तेव्हाच करा, पठारावर मुक्काम करा. शेवटच्या दिवशी फक्त पठार, धोडप, हट्टी. ही सगळ्यांत शहाणी योजना.

दुसरी: सकाळी खिंडीतून निघा, रवळ्या-जवळ्या सोडून द्या, थेट धोडप गाठा. साडेनऊ ते साडेअकरा तास. बसतं, पण अगदी काठावर.

तिसरी: धोडपवरच्या गुहेत मुक्काम धरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हट्टीत उतरा. सुटी एक दिवस जास्त लागते, पण सकाळी खिंडीतून निघून ज्यांना दोन्ही जोडकिल्ले आणि धोडप असं सगळंच हवं आहे त्यांना दुसरा मार्ग नाही.

"बघू, वेळेवर ठरवू" ही योजना नव्हे. थकलेल्या माणसाला वेळेवर ठरवता येत नाही, तो शेजारच्याकडे बघतो आणि शेजारचा पुढच्याकडे.

### हंगाम

ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी मध्य हा चांगला काळ. पावसाळ्यात रांग देखणी असते, पण धुकं उतरलं की मुख्य धार कुठली आणि तिला फुटलेली सोंड कुठली हे कळत नाही, कातळावर शेवाळ असतं. एकेकटा किल्ला पावसात करा, रेंज नको. फेब्रुवारीनंतर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आटायला लागतात, गवत कडकडीत वाळतं आणि वणवे लागतात. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात सप्तशृंगीमुळे वणी परिसरात प्रचंड गर्दी असते, वाहतुकीवर निर्बंधही असतात. त्या दिवसांत गाडीचं गणित नव्याने मांडावं लागतं.

## टप्पा २: गाडी, पाणी, सामान

### गाडी कुठे उभी करायची

ट्रेक सुरू होतो वणीच्या बाजूने आणि संपतो वडाळीभोईच्या बाजूने. म्हणजे स्वतःची गाडी खिंडीत ठेवून उपयोग नाही. नाशिकहून दिंडोरीमार्गे वणीला एसटीने किंवा भाड्याच्या गाडीने जा, तिथून बाबापूरकडून खिंडीत. परतीसाठी मुंबई-आग्रा महामार्गावरच्या वडाळीभोईहून धोडंबेमार्गे हट्टी असा रस्ता आहे. गाडीवाल्याला हे नीट सांगा, आणि एवढं जरूर जोडा: "हट्टी. ओतूरला जाऊ नका." धोडपला उत्तरेकडून कळवण तालुक्यातल्या ओतूरहूनही वाट आहे. "धोडपचा पायथा" एवढंच सांगितलं की काही चालक तिकडे जाऊन थांबतात. रांगेच्या एका बाजूकडून दुसरीकडे पायी काही तासांत जाता येतं, गाडीला मात्र मोठा फेरा पडतो.

### पाणी

माणशी चार लिटर, निघतानाच भरलेलं. पठारावरच्या वस्तीत किंवा मुक्कामाच्या जागी आदल्या रात्री सगळ्या बाटल्या भरून ठेवा, सकाळी नको. सकाळच्या घाईत अर्ध्या राहतात. पठार ते माची या मधल्या चार-पाच तासांत पाणी मिळेल असं धरूच नका. एखादं टाकं किंवा झरा दिसला तर नशीब म्हणा. माचीवर विहीर आणि टाकी आहेत, वर गुहेजवळही टाकं आहे. ते पाणी गाळून, गोळी टाकून किंवा उकळूनच प्या.

तपासा: पाण्यापैकी एक लिटर "हट्टीचं पाणी" म्हणून वेगळं बांधून ठेवलं आहे का? ते माचीवरून उतरायला लागेपर्यंत उघडायचं नाही.

### सामान

इथे फार पाल्हाळ नको, नेहमीचं सगळं घ्याच. फक्त या टप्प्यात ज्याच्यावाचून अडतं तेवढं सांगतो.

हेडटॉर्च प्रत्येकाकडे, मोबाइलचा दिवा धरायचा नाही. धोडपच्या शिड्यांवर दोन्ही हात मोकळे लागतात. बुटांचा तळ झिजलेला असेल तर आधी बूट बदला, कारण मुरमाच्या घसाऱ्यावर गुळगुळीत तळ टिकत नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि लांब पँट, कारण वाळलेलं गवत छातीपर्यंत असतं आणि कुसळं मोज्यांतून आत शिरतात. वीसेक मीटर दोर गटाला एक, तोही वापरता येणाऱ्या माणसाकडे. खाण्यात रात्रीच्या भाकरी-ठेच्यासोबत शेंगदाणे-गूळ, खजूर, चिक्की असं चालता चालता तोंडात टाकता येणारं. मॅगी शिजवण्यात दुपारचा तास घालवणारे गट सहसा अंधारात उतरतात.

नकाशा ऑफलाइन डाउनलोड करा आणि दोन वेगवेगळ्या लोकांनी टाकलेले जीपीएस ट्रॅक घ्या. दोघांच्या रेषा जिथे जुळतात तिथे मळलेली वाट आहे असं समजा. जिथे फाटतात तिथे दोघांपैकी एकजण नक्की चुकला होता, आणि कोण ते घरी बसून ठरत नाही. त्या जागा नकाशावर आधीच खुणावून ठेवा. तिथे पोहोचल्यावर थांबून बघायचं आहे. फोन विमान मोडवर ठेवा. खिंडीत आणि कड्याच्या आडोशाला रेंज जाते आणि सिग्नल शोधण्यातच बॅटरी संपते.

## टप्पा ३: आदल्या रात्रीचं काम

मुक्काम पठारावर असेल तर वस्तीवर आधी विचारा, मग तंबू ठोका. शेत असेल, गुरांची बसायची जागा असेल. एखाद्या घरी जेवण सांगता आलं तर सांगा, आणि पैसे "किती झाले?" असं विचारून, मागतील ते द्या.

याच वेळी वाटेची चौकशी करायची. लोक इथे एकच चूक करतात, ते "किती वेळ लागेल?" असं विचारतात. डोंगरातल्या माणसाची चाल तुमच्या दुप्पट, तो "हे काय, तासाभरात" म्हणणारच. असं विचारा:

"मामा, इथून धोडपला जाताना पहिला फाटा कुठं फुटतो? तिथं वर धरायचं का खाली?"

"गुरं त्या अंगाला कुठपर्यंत चरायला जातात?"

"यंदा वाट गवतात गेलीय का कुणी चाललंय इतक्यात?"

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. गवतात गेलेली वाट असेल तर पाच तासांचे सहा धरा. आणि गावातला कुणी जाणता वाटाड्या म्हणून यायला तयार असेल तर घ्या. त्याची मजुरी आधी ठरवा, परतायचा वेळही विचारात घ्या. तो परत पठारावर येणार आहे, हट्टीला नाही.

तपासा: झोपण्यापूर्वी पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. डावीकडे उत्तर, म्हणजे कळवण आणि गिरणेचं खोरं. उजवीकडे दक्षिण, म्हणजे वणी-दिंडोरीच्या द्राक्षबागा आणि गोदावरीचं खोरं. दोन्हीकडचे दिवे दिसतात. उद्या दिवसभर तुम्हाला या दोन खोऱ्यांमधल्या पाणलोटाच्या रेषेवर राहायचं आहे. गटातल्या प्रत्येकाकडून "कळवण डावीकडे" एवढं वदवून घ्या.

## टप्पा ४: खिंड ते पठार आणि जोडकिल्ल्यांचा निर्णय

वणीकडून खिंडीत आल्यावर डावीकडे मार्कंड्या, उजवीकडे रवळ्या-जवळ्या. उजवीकडची चढण धरायची. वाट मळलेली आहे, चढ अंगावर येतो पण फसवत नाही, म्हणून इथे रमायचं कारण नाही. पहिल्या अर्ध्या तासात मुद्दाम सावकाश चाला, सुरुवातीला दम लागला की दिवसभर पाय जड राहतात.

पठारावर पोहोचल्यावर घड्याळ बघा. दुसऱ्या योजनेवर असाल तर दोन्ही किल्ल्यांकडे बघून फोटो काढा आणि पुढे चला. "जवळच आहे, पटकन करून येऊ" हे वाक्य इथेच कुणीतरी बोलतं. दोन्ही किल्ल्यांच्या माथ्याखाली कातळ आहे, वर चढायला जितका वेळ लागतो तितकाच उतरायला लागतो, आणि गटातला सगळ्यांत घाबरट माणूस जितका वेळ घेईल तितका सगळ्यांना लागतो.

पहिल्या योजनेत, आदल्या दुपारी किल्ले करणार असाल तर सॅक वस्तीवर ठेवून मोकळ्या अंगाने जा. कातळावर दव किंवा ओल असेल तर माथा सोडा.

इशारा: सामान उघड्यावर टाकून जाऊ नका. माकडं सॅकची चेन उघडतात.

## टप्पा ५: पठार ते धोडपची माची

हाच खरा शेवटचा टप्पा. बाकी सगळं तुम्ही कुठल्याही किल्ल्यावर केलेलं असतं, हे नाही. साडेसहाला उजेड फुटता फुटता निघा.

### लक्ष्य कुठलं धरायचं

पठारावरून धोडप ओळखायला चुकायचं कारण नाही. मधे उंच माथा आणि त्याला लागून पसरलेली सरळसोट कातळभिंत, त्या भिंतीत एक खाच. लांबून शंकराच्या पिंडीसारखा दिसतो. अडचण ही की तो दिसतो म्हणून लोक नाकासमोर चालायला लागतात. भिंतीच्या खालून सरळ वर जायला वाट नाही, तिथे कडाच आहे. तुमचं लक्ष्य भिंत नाही, माथा नाही, तर किल्ल्याची माची. कड्याच्या पायथ्याला वळसा घालून ती गाठायची असते. नकाशावर माचीला खूण करा आणि दिवसभर अंतर त्या खुणेपर्यंतचं मोजा.

### ढोरवाट आणि धारेची वाट

गवतात तुम्हाला चार-पाच वाटा दिसतील. त्यांतल्या बहुतेक ढोरवाटा. गुरं रांग ओलांडून धोडपला जात नाहीत, ती पाण्याला जातात, चाऱ्याला जातात आणि संध्याकाळी गावाला. म्हणून ढोरवाट सुरुवातीला मस्त रुंद असते, मग हळूहळू एका अंगाला कलते आणि खाली जाते. उतार मंद असल्यामुळे पायांना कळत नाही.

माझा नियम साधा आहे. धार डोक्यावर उंच जाऊ लागली आणि वाट सलग दहा मिनिटं एकाच अंगाला उतरत राहिली, की थांबायचं. पुढे जाऊन बघायचं नाही. एक माणूस सॅक ठेवून पाच मिनिटं पुढे जाईल, बाकीचे बसतील. वाट पुन्हा वर चढत नसेल तर आल्या वाटेने मागे, शेवटच्या फाट्यापर्यंत. मधूनच वर धारेकडे घुसायचं नाही. गवताळ तिरक्या उतारावर वाटेशिवाय चढणं म्हणजे दोन पावलं वर आणि एक खाली, त्यात गवताखालचे दगड सुटे. अर्ध्या तासाचं मागे येणं स्वस्त पडतं.

### टेकाड आलं तर वरून की बाजूने

धारेवर मधे मधे कातळाची टेकाडं येतात. काहींच्या माथ्यावरून जाता येतं, काहींना बगल द्यावी लागते. इथे वाट एका बाजूने आडवी जाते. कुठली बाजू, हे ठरवायला मळलेपणा बघा: दगडांवर घासल्याच्या खुणा, कुणी रचून ठेवलेले दगड, गवत दोन्हीकडे लवलेलं. काहीच दिसत नसेल तर माथ्यावर चढून पुढचा उतार बघणं हा शेवटचा उपाय, कारण टेकाडाची दुसरी बाजू कित्येकदा तुटलेली असते.

आडव्या वाटेवर चालताना डोंगराकडचा हात मोकळा ठेवा, काठी दरीकडच्या हातात. सॅकला बाहेर काही लटकवू नका. डोंगराच्या अंगाला सॅक घासली तर तोल दरीकडे जातो. घसारा असेल तर एका वेळी एकच माणूस, पाठचा पुढच्याच्या थेट वर किंवा खाली उभा राहणार नाही अशा बेताने. दगड सुटला तर "दगड!" असं मोठ्याने ओरडायचं, काय झालं ते नंतर सांगायचं.

### सोंडांचा चकवा

मुख्य धारेला दोन्ही बाजूंनी सोंडा फुटतात. ऊन डोक्यावर आलं, डोळे पायाकडे लागले, की माणूस न कळत सोंडेवर वळतो, कारण सोंड रुंद असते आणि उताराची असते. सकाळी सूर्य साधारण समोर, थोडा उजवीकडे असायला हवा, कारण हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कललेला असतो. दुपारी बाराला तो उजव्या खांद्यावर. दुपारच्या आत सूर्य पाठीशी किंवा डाव्या हाताला आला असेल तर तुम्ही वळला आहात. नकाशा काढायच्या आधी एवढं बघायला फुकट आहे.

तपासा, दर तासाला: कळवण डावीकडेच आहे ना? शेवटचा माणूस दिसतोय ना? प्रत्येकाने पाणी प्यायलं का? निघाल्यापासून दोन तासांत एक लिटरच्या आसपास संपलेलं असावं. बाटली भरलेली ठेवून डोकं दुखवून घेणारे दर गटात असतात.

### मधमाश्या, साप, वणवा

कड्यांना आग्यामोहोळ असतात. कड्याखालून जाताना धूर नाही, सिगारेट नाही, भडक अत्तर नाही, आरडाओरड नाही, ड्रोन तर नाहीच. माश्या उठल्या तर चेहरा आणि डोकं कापडाने झाका आणि आलेल्या वाटेनेच झपाझप लांब व्हा. हात झटकू नका, आणि काठावर धावू नका. माश्यांपेक्षा पडण्यानं जास्त इजा होते.

दगडांवर फुरसं, गवतात घोणस असू शकते. दगडावर बसण्याआधी काठीने ठोका, हात दिसत नाही अशा खोबणीत हात घालू नका. साप चावलाच तर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं यांतलं काही करायचं नाही. अंगठी, घड्याळ काढा, तो अवयव हलू देऊ नका, माणसाला शांत ठेवा आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयाच्या दिशेने उचलून नेण्याची सोय करा. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर मदतीसाठी ११२. फोन करताना किल्ल्याचं नाव पुरत नाही, जवळचं गाव, तालुका आणि मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश सांगा.

गवत वाळलेलं असताना धारेवर चूल किंवा शेकोटी पेटवायची नाही. वारा तिथे कधीच थांबत नाही.

## टप्पा ६: माची आणि बालेकिल्ला

माचीवर आलात की आधी बसा, जेवा, पाणी भरा. सोनारवाडीची वस्ती आहे, विहीर आहे, मंदिरं आहेत. मग घड्याळाकडे बघून निर्णय:

- एकच्या आत पोहोचलात: बालेकिल्ला करा.
- एक ते दोनच्या दरम्यान: गट ताजा असेल आणि आजच उतरायचं असेल तर फक्त गुहेपर्यंत जाऊन परत फिरा.
- दोन वाजून गेले: आज उतरायचं असेल तर बालेकिल्ला सोडा. मुक्काम असेल तर निवांत चढा.

यावर वाद घालणारा एक माणूस नेहमी असतो. "इतक्या लांबून आलो आणि धोडप न करता जायचं?" त्याला सांगा की हट्टीहून धोडप स्वतंत्रपणे एका दिवसात होतो, पुन्हा येता येईल.

चढताना कोरीव पायऱ्या, लोखंडी शिड्या, मग दरवाजे आणि फारसी शिलालेख लागतात. शिडीवर एका वेळी एक माणूस. चढण्याआधी हाताने शिडी हलवून बघा, गंजलेला जोड किंवा सुटलेला नट दिसला तर वजन बाजूच्या कण्यांवर टाका, पायरीच्या मधोमध नको. उतरताना तोंड शिडीकडे, पाठ दरीकडे. तोंड बाहेर करून उतरू पाहणाऱ्याला खालच्याने थांबवायचं. सॅक माचीवर ठेवून जा, फक्त पाणी, टॉर्च आणि प्रथमोपचाराची पिशवी बरोबर.

गुहेत देवीचं ठाणं आहे. चपला बाहेर, चूल कोपऱ्यात, खरकटं टाक्यात धुवायचं नाही. तेच पाणी तुमच्यानंतर येणारा पिणार आहे. मुक्काम करणाऱ्यांनी थंडीची तयारी नीट ठेवा. धोडपची उंची १४७० मीटरच्या आसपास आहे, आणि निफाडला पारा एक आकडी होतो त्या रात्री इथे वाऱ्यासकट थंडी असते.

इशारा: गुहेपुढे कातळभिंतीवर जाता येतं आणि तिथेच ती प्रसिद्ध खाच आहे. खाच उडी मारून ओलांडण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो, व्हिडिओही निघतात. ओलांडायला दोर, साहित्य आणि ते वापरणारा जाणकार लागतो. तो नसेल तर खाचेच्या अलीकडेच थांबा, काठापासून दोन हात आत. भिंत अरुंद आहे, वारा झोतात येतो, आणि मोबाइलच्या पडद्यात बघत मागे सरकायला तिथे जागा नाही.

माथ्याचा शेवटचा सुळका निसरडा आहे. तो न करताही धोडप होतो, हे माझं मत. पटत नसेल तर किमान दव सुकल्यावर आणि सॅकशिवाय जा.

## टप्पा ७: हट्टीचा उतार

गुडघे, घोटे इथेच जातात. दिवसभराचा थकवा, समोर गाव दिसतंय, मोबाइलला रेंज आलेली आणि जो तो आपापल्या तंद्रीत. घाटमाथ्याच्या कड्यांवर सांभाळून चालणारे लोक या साध्या वाटेवर पडतात.

निघण्याआधी पाच मिनिटं थांबा. बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधा, घोट्याला घट्ट, म्हणजे बोटं पुढे आदळणार नाहीत. काठी चढाच्या वेळी ठेवली होती त्यापेक्षा जरा लांब करा. हेडटॉर्च सॅकमधून काढून खिशात. ते "हट्टीचं पाणी" आता उघडा.

क्रम असा लावा: वाट माहीत असलेला पुढे, सगळ्यांत दमलेला त्याच्या लगेच मागे, अनुभवी माणूस शेवटी. दमलेल्याला शेवटी ठेवणं ही जुनी चूक. तो पोहोचतो तेव्हा बाकीचे विश्रांती संपवून उठतात, त्याला विश्रांती कधीच मिळत नाही.

मुरमावर गुडघे किंचित वाकवून, छोटी पावलं टाकत, टाच रोवून उतरा. मागे झुकू नका, मागे झुकलं की बूट घसरतो. नागमोडी वाटेचे कोपरे कापू नका. शॉर्टकटने वाट तुटते, पावसात माती वाहून जाते आणि तुमच्या पायाने सुटलेला दगड खालच्या वळणावरच्या माणसाकडे जातो. धावायचं तर नाहीच.

तपासा: माचीवरून हट्टीची वाट दक्षिणेकडे उतरते. उतरताना सूर्य उजव्या हाताला कललेला असायला हवा. डावीकडे असेल तर तुम्ही ओतूरकडे निघाला आहात, लगेच माचीवर परता.

अंधार पडलाच तर घाई सोडा. सगळे एकत्र, दोन पावलांच्या अंतराने, बोलत. या भागात बिबट्या आहे. माणसांचा सलग आवाज असला की तो सहसा बाजूला होतो, एकटा मागे राहिलेला आणि वाकून बसलेला माणूस मात्र त्याला वेगळा दिसतो. म्हणून अंधारात लघुशंकेलाही दोघांनी जायचं, आणि टॉर्च जमिनीवर न रोखता अधूनमधून बाजूला फिरवायचा.

## टप्पा ८: गावात पोहोचल्यावर

आधी डोकी मोजा. नाव घेऊन, समोर बघून. "मागे असेल येत" चालत नाही. मग घरी ज्याला वेळ सांगून ठेवली होती त्याला निरोप. पठारावरच्या वस्तीत कुणी काळजीने विचारलं असेल तर त्यांनाही एक फोन, ती माणसं खरोखर वाट बघतात.

चहा घेण्याआधी बूट-मोजे काढून पाय बघा. कुसळं लगेच काढा, काखेत आणि मांड्यांजवळ गोचीड बघा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा, काडी पेटवून चटका देऊ नका.

गावातून एसटी मिळेल या भरवशावर राहू नका, संध्याकाळनंतर तर मुळीच नाही. ठरवलेली गाडी आली नाही तर हट्टीत किंवा धोडंब्यात जीपची चौकशी करा आणि वडाळीभोईपर्यंत जा, महामार्गावर नाशिकच्या गाड्या मिळतात. आणि गाडी चालवणारा दिवसभर तुमच्याबरोबर चाललेला असेल तर महामार्गाला लागण्याआधी त्याला अर्धा तास झोपू द्या. वडाळीभोई ते नाशिक रस्ता रात्री ट्रक-ट्रेलरनी भरलेला असतो.